डोळे मिटल्यावरची सजावट

घर सजवण्याविषयीची बहुतेक चर्चा दिवसाच्या उजेडात होते. रंगाचे नमुने खिडकीशी धरून पाहिले जातात, पडद्याचे कापड दुकानाच्या झगझगीत दिव्यांखाली निवडले जाते आणि पलंगाची पाठ कशी असावी यावर घरात एकमत होईपर्यंत चहा दोनदा होतो. झोपायच्या खोलीचे मुख्य काम मात्र दिवे मालवून आणि डोळे मिटून करायचे असते. म्हणून गेल्या दिवाळीआधी आमच्या पुण्यातल्या घरी रंगकाम निघाले, तेव्हा या एका खोलीपुरते सगळे निर्णय रात्री अकराला, अंथरुणावर आडवे पडून घ्यायचे असे मी ठरवले. काय दिसते, काय ऐकू येते, अंगाला काय लागते आणि वास कशाचा येतो, एवढीच कसोटी.

खोली १० फूट बाय ११ फुटांची. इमारत नव्वदच्या दशकातली, आमचा मजला चौथा आणि शेवटचा, त्यामुळे डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब. मोठी खिडकी पश्चिमेला, सोसायटीच्या पार्किंगवर उघडणारी. दुसरी लहान, उत्तरेला. अशा खोल्या या शहरात असंख्य आहेत, आणि त्यांत झोपणाऱ्या कुणालाही विचारले तरी पहिली तक्रार उकाड्याचीच येईल. रंग, पडदे, गादी यांचा क्रमांक त्यानंतरचा. साहजिकच सुरुवात तिथून केली.

झोपेची वेळ जवळ आली की शरीराचे आतले तापमान उतरू लागते आणि पहाटेपर्यंत ते साधारण एक अंश सेल्सिअसने खाली येते. त्यासाठी हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता तिथून बाहेर टाकली जाते. भोवतालची हवा, अंगाखालची गादी आणि जवळची भिंत हे तिन्ही गरम असले की त्या उष्णतेला जायला वाट उरत नाही, आणि दमून आलेला माणूसही तासभर कूस बदलत राहतो. हवेचे आणि गादीचे महत्त्व सगळ्यांना पटते. भिंतीकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही.

एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या भिंतीला आतल्या बाजूने तळहात लावून पाहावा. भिंत कोमट असते. रात्री दहाला त्याच जागी पुन्हा हात लावला, तर तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा तसा चटका जाणवतो. नऊ इंची विटांच्या भिंतीतून उष्णता बाहेरून आत यायला सहा ते आठ तास लागतात, म्हणजे दुपारी तीन-चारचे कडक ऊन आपल्यापर्यंत पोचते ते नेमके अंथरुणावर पडण्याच्या वेळी. आमच्या पलंगाचे डोके वर्षानुवर्षे याच भिंतीला टेकलेले होते, कारण समोरच्या भिंतीशी कपाट होते. रंगारी यायच्या आधी आम्ही दोघांची अदलाबदल केली. पलंगाचे डोके दक्षिणेच्या, म्हणजे घरातल्याच आतल्या भिंतीला आले आणि कपड्यांचे कपाट खिडकीच्या बाजूला पश्चिमेच्या भिंतीपुढे उभे राहिले. कपाट आणि भिंत यांच्यात चार बोटांची फट मुद्दाम ठेवली आहे. ती नसेल तर पावसाळ्यात कपाटाच्या पाठीला बुरशी धरते.

या फेरबदलाला एक अनपेक्षित पाठिंबाही मिळाला. आई गावाहून आली, दारात उभ्या उभ्या तिने दिशा मोजल्या आणि म्हणाली, "आता कसं! पाय उत्तरेला गेले. इतकी वर्षं सांगत होते मी." दक्षिणेला पाय करून झोपू नये, एवढे तिचे वास्तुशास्त्र. पूर्वी तरी ते कुठे दक्षिणेला होते, हे मी विचारले नाही, आणि विटांच्या भिंतीचा हिशोबही सांगितला नाही. ती त्या खोलीत समाधानाने झोपली, तेवढे पुरे.

पुण्याची रात्र मात्र पुणेकरांवर मेहरबान असते. एप्रिलमध्ये दुपारचा पारा सरासरी ३८ अंशांच्या आसपास जातो, तरी पहाटे तो २०-२१ पर्यंत उतरतो. म्हणजे दहानंतर बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड असते आणि दोन दिशांच्या खिडक्या उघडल्या की खोली आपोआप निवते. दिवसा पश्चिमेची खिडकी पडद्यासकट बंद आणि रात्री दोन्ही उघड्या, हा क्रम पाळला की महागड्या उपायांची निम्मी गरज संपते. मुंबईत हा सल्ला निरुपयोगी आहे. तिथे दिवस-रात्रीच्या तापमानात इतके अंतर पडतच नाही आणि हवेतला दमटपणा घाम वाळू देत नाही. विदर्भात मे महिन्यात वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारावे किंवा कूलर लावावा, कारण तिथली हवा इतकी कोरडी असते की पाण्याची वाफ होताना ती खरोखरच गार होते. तोच कूलर ऑगस्टमध्ये चालवला तर खोलीचे फक्त स्नानगृह होते. झोपेच्या खोलीविषयीचा कोणताही सल्ला ऐकताना तो कुठल्या गावच्या हवेसाठी दिला आहे हे आधी पाहावे, असे माझे मत झाले आहे. परदेशी मासिकांतला '१८ अंश ठेवा' हा मंत्र आपल्याकडे वीजबिलावर जपावा लागतो. २०२० च्या जानेवारीपासून आपल्याकडच्या खोलीच्या एसींचे मूळ तापमान २४ अंशांवर ठरवून दिलेले असते, आणि त्यावर छताचा पंखा मंद फिरत असेल तर सुती चादर घेऊन झोपणाऱ्याला २५-२६ अंशही सुखाचे वाटतात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. आतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवतो. दोन माणसे दारे-खिडक्या घट्ट लावून रात्रभर झोपली तर सकाळी खोलीत कोंदटपणा येतो आणि डोके जड होते. दाराखालची फट कापड कोंबून बुजवू नये, किंवा एसी पहाटे बंद होईल अशी वेळ लावून उत्तरेची खिडकी किलकिली करावी.

उजेडाच्या बाबतीत मला सुताराशी आणि इलेक्ट्रिशियनशी, दोघांशीही वाद घालावा लागला. सुताराला फॉल्स सीलिंग करून त्यात आठ गोल दिवे बसवायचे होते. बैठकीच्या खोलीत त्याला माझी हरकत नसती. परंतु पलंगावर उताणे पडलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर छतच असते, आणि तिथून खाली रोखलेले आठ दिवे म्हणजे झोपण्यापूर्वीचा शेवटचा तास शस्त्रक्रियागृहात घालवणे. त्याऐवजी पलंगाच्या दोन्ही बाजूंना, बसल्यावर खांद्याच्या उंचीवर येतील असे कापडी झाकणाचे दोन दिवे भिंतीवर घेतले. त्यांत २७०० केल्व्हिनचे पिवळसर बल्ब आहेत; केल्व्हिन हे प्रकाशाच्या छटेचे माप. आपल्या घरांतली पांढरी ट्यूबलाइट बहुधा ६५०० केल्व्हिनची असते आणि तिच्या प्रकाशात निळ्या छटेचे प्रमाण बरेच असते.

हा भेद निव्वळ आवडीनिवडीचा नाही. डोळ्याच्या पडद्यात आपल्याला दृष्टी देणाऱ्या पेशींखेरीज प्रकाश टिपणाऱ्या आणखी काही पेशी असतात, हे २००२ मध्ये स्पष्ट झाले. निळसर प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि दिवस आहे की रात्र याची वर्दी मेंदूतल्या घड्याळाला पोचवतात. वर्दी दिवसाची असली की झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन पाझरायचे लांबते. शरीरातले हे घड्याळ पेशींच्या पातळीवर कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांतून यावर पुष्कळ लिहून आले होते. घरातली ट्यूबलाइट तरीही रात्री अकरापर्यंत जळतच राहिली. आम्ही ती काढून टाकलेली नाही; चादर बदलताना किंवा पडलेली कानातली शोधताना तिच्यावाचून भागत नाही. फक्त तिचे बटण दाराशी आहे आणि भिंतीवरच्या दिव्यांचे दाराशी तसेच उशाशी, दोन्हीकडे. इलेक्ट्रिशियनला या टू-वे जोडणीसाठी भिंत थोडी जास्त फोडावी लागली आणि त्याने ते बोलूनही दाखवले. दिवा मालवायला पुन्हा उठावे लागत नाही, या एका सोयीसाठी तो खर्च मला वसूल वाटतो.

झिरोचा बल्ब हा आपल्याकडचा जुना हट्ट. पूर्वीचा हा नावाचा शून्य बल्ब प्रत्यक्षात १२ ते १५ वॉट खात असे आणि हिरवा किंवा निळा असेल तर साऱ्या खोलीला मत्स्यालयाची कळा आणत असे. वडीलधारी माणसे रात्री उठतात, त्यांना पूर्ण अंधार धोक्याचा असतो, हे खरेच आहे. त्यासाठी बाथरूमच्या वाटेवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, माणूस चालू लागला की पेटणारा आणि आपोआप विझणारा तांबूस दिवा लावावा. पायांखालची जमीन दिसते आणि झोपलेल्याच्या डोळ्यांवर काही येत नाही.

सगळे दिवे बंद केल्यावर खोलीत केवढा उजेड उरतो, हे पाहण्यासारखे असते. आमच्याकडे एसीवरचा हिरवा आकडा, स्टॅबिलायझरचा लाल ठिपका, चार्जरचा निळा ठिपका आणि पडद्याच्या वरून छतावर सांडणारा पार्किंगमधल्या फ्लडलाइटचा पांढरा पट्टा, असा सगळा देखावा होता. आकडा रिमोटवरच्या बटणाने बंद होतो. ठिपक्यांवर इलेक्ट्रिशियनची काळी टेप चिकटवली. पट्ट्याचे कारण शोधायला वेळ लागला, कारण पडद्याचे कापड उत्तम, तिहेरी थराचे आणि पूर्ण अंधार करणारे होते. दोष कापडात नव्हता, टांगण्याच्या पद्धतीत होता. आयलेटचे, म्हणजे कापडातल्या कड्यांतून दांडा ओवलेले, पडदे दांड्यावर नागमोडी बसतात, आणि प्रत्येक वळणाच्या मागून व वरून प्रकाशाला वाट मिळते. सुताराने दांड्यासमोर आणि वर प्लायची साधी पेटी बसवून दिली, दांडा खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंनी वीतभर लांब घेतला आणि पडदा जमिनीला टेकेल इतका खाली सोडला. फ्लडलाइटचे तोंड खाली वळवण्याविषयी सेक्रेटरींना लिहिले होते. ते काम, सोसायटीच्या रीतीला सोडून, आठवड्याच्या आत झाले.

उत्तरेच्या खिडकीला मात्र जाणूनबुजून पातळ सुती पडदा आहे. रात्रीचा अंधार जितका हवा, तितकाच सकाळचा उजेडही. तो डोळ्यांवर आला नाही तर ते आतले घड्याळ रोज थोडे थोडे मागे पडत जाते. पश्चिमेची खिडकी आंधळी आणि उत्तरेची डोळस, अशी ही वाटणी.

भिंतींच्या रंगाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. अमुक रंग झोप आणतो, तमुक मन शांत करतो, या विधानांवर माझा फारसा विश्वास नाही; मंद उजेडात डोळ्याला रंगांतला फरकच धड कळेनासा होतो. चकाकी मात्र कळते. म्हणून फिकट पिस्ता रंगाचे मॅट इमल्शन लावले, ज्यात दिव्याचे प्रतिबिंब उमटत नाही, आणि वास जाईपर्यंत सगळ्यांनी बाहेरच्या खोलीत पथारी पसरली. कोपऱ्यात 'हवा शुद्ध करणारी' झाडे ठेवण्याचा आग्रहही बऱ्याच जणांनी केला. या समजुतीचे मूळ नासाच्या १९८९ च्या प्रयोगात आहे. तो लहान, हवाबंद पेट्यांत केलेला होता. नेहमीच्या खोलीत तसाच परिणाम हवा असेल तर पलंगाला जागाच उरणार नाही इतक्या कुंड्या लागतील. झाड आवडते म्हणून ठेवावे. आमच्याकडे एक मनीप्लांट आहे आणि तो सुंदर दिसतो.

आता गादीकडे येते, कारण खरा खर्च आणि खरे सुख दोन्ही तिथेच आहे. सुताराचा सल्ला पेटीच्या पलंगाचा होता. "ताई, स्टोरेज नाही ठेवलं तर रजया-गाद्या कुठे ठेवणार तुम्ही?" हा त्याचा प्रश्न रास्त होता, कारण पुण्यामुंबईच्या घरांत पलंगाखालची जागा हीच माळा आणि कोठार असते. तरीही मी चार पायांचा, फळ्यांमध्ये फटी असलेला पलंग करून घेतला. बंद पेटीत गादीच्या खालून हवा फिरत नाही, पावसाळ्यात दमटपणा कोंडतो आणि धुळीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किडींना असा दमटपणा फार मानवतो. ज्यांना पहाटे शिंकांची माळ लागते त्यांनी उशी बदलण्याआधी पलंगाची पेटी उघडून हुंगून पाहावी. खालची जागा मोकळी असली की रोज केरसुणी आत जाते. रजया आता कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहेत.

गादी कापसाची, पिंजून घेतलेली. आमच्या भागात एक गादीवाले काका अजून दुकान चालवतात. त्यांच्या वडिलांच्या वेळची पिंजण भिंतीवर टांगलेली असते आणि काम यंत्रावर होते. जुन्या गादीचे टाके उसवून त्यांनी कापूस बाहेर ओढला तेव्हा तो करड्या गोळ्यांसारखा निघाला, मधोमध, जिथे पाठ टेकते तिथे, अगदी फरशीसारखा दबलेला. यंत्रातून निघाल्यावर त्याच कापसाचा ढीग तिपटीने फुगला. काकांनी त्यात थोडा नवा कापूस घातला, खोळीच्या कोपऱ्यांत तो मुठीने दाबून बसवला आणि जाड सुताचे टाके घालताना मला म्हणाले, "फोम काही वाईट नाही बाई, पण फोमला ऊन दाखवता येत नाही." त्यांचे हे म्हणणे मला फार पटले. कापसाची गादी गच्चीवर नेऊन उलटसुलट वाळवता येते. तिची दुसरी बाजूही सांगायला हवी: ती जड असते, उचलायला दोघे लागतात, आणि पाठीचे दुखणे असलेल्यांना डॉक्टरांनी वेगळे काही सुचवले असेल तर त्यांनी तेच घ्यावे. उशी मात्र सावरीच्या कापसाची घ्यावी असे कुणालाही सांगेन. ती मऊ असते आणि मानेखाली चटकन तापत नाही.

चादरींचा प्रश्न सोपा आहे. कापूस हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्क्यांपर्यंत सामावून घेतो. पॉलिस्टर अर्धा टक्काही घेत नाही. दुकानात गुळगुळीत आणि झळाळणाऱ्या दिसणाऱ्या चादरी मे महिन्यात पाठीला चिकटतात त्याचे हे कारण. अंथरायला साधी सुती, पांघरायला उन्हाळ्यात मऊ पडलेल्या जुन्या साड्यांची दुपेडी गोधडी आणि डिसेंबरात सोलापुरी चादर, एवढ्यात पुण्याचे वर्ष निघते. शोभेच्या उशा मी घेतल्या नाहीत. रात्री त्या ठेवायच्या कुठे, याचे उत्तर प्रत्येक घरात 'खुर्चीवर' असे असते, आणि खुर्चीवर आधीच अर्धवट वापरलेले कपडे बसलेले असतात. ती खुर्ची खोलीबाहेर काढली आणि दारामागे खुंट्या ठोकल्या.

आवाजाच्या बाबतीत हातात कमी आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा ४५ डेसिबलची आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने झोपण्याच्या खोलीत ३० डेसिबलपेक्षा अधिक आवाज नसावा असे म्हटले आहे. गणपतीत आणि लग्नसराईत हे दोन्ही आकडे वाचून करमणूक होते. जाड पडद्यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, पण बाहेरचा आवाज अडत नाही. तो हवेबरोबर फटींतून येतो. आमच्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या कडांना असलेली केसाळ पट्टी झिजून गेली होती. ती नवी बसवल्यावर खिडकी बंद करताच रिक्षांचा आवाज लांब गेला. उरलेल्या आवाजावर पंख्याची संथ घरघर पांघरूण घालते.

टीव्ही या खोलीत नाही, कामाचे टेबलही बाहेर नेले. अंथरूण फक्त झोपेसाठी ठेवावे म्हणजे मनाला ती खूणगाठ पटते, ही निद्रानाशावरच्या उपचारांतली प्रमाण पद्धत १९७२ मध्ये रिचर्ड बुट्झिन यांनी मांडली. ज्यांचे घर वन रूम किचनचे आहे त्यांना हे ऐकवणे थट्टेचे वाटेल. तरी चाळीतल्या घरांत रात्री जेवणे झाल्यावर गाद्या घालायच्या आणि सकाळी गुंडाळून ठेवायच्या, या रिवाजात तीच खूणगाठ होती. दिवसा अंथरूण नावाची वस्तू घरात दिसतच नसे. कायमच्या पलंगाने ती सोय आपल्याकडून काढून घेतली.

एक काम बाकी आहे आणि ते माझ्या एकटीच्या हातात नाही. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि पंखा पहिले दोन-तीन तास छताखालचीच गरम हवा खाली ढकलतो. गच्चीला पांढरा, ऊन परतवणारा लेप दिला किंवा जुन्या पद्धतीने चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी केली, तर यात मोठा फरक पडेल. चौथ्या मजल्यावरची सगळी कुटुंबे तयार आहेत. खालच्या मजल्यांना हा खर्च नकोसा वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून वॉटरप्रूफिंगच्या कामातच तो लेप बसवून घेण्याचे अंदाजपत्रक मी मागवले आहे आणि येत्या सर्वसाधारण सभेत ते मांडणार आहे.